स्वस्ताईचा शिक्का आणि प्रतिष्ठेची वाट



४ नोव्हेंबर २०१५ या दिवशी दक्षिण कोरियातील ह्युंदाई मोटर कंपनीने सोल येथे एक घोषणा केली. कंपनीच्या सर्वांत उंची मोटारी यापुढे 'जेनेसिस' या स्वतंत्र नाममुद्रेखाली विकल्या जातील, असे त्या दिवशी सांगण्यात आले. या मोटारींच्या अंगावर ह्युंदाई हे नाव असणार नव्हते. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ही बातमी विक्रीव्यवस्थेतील एक बदल म्हणून छापून आली आणि विस्मरणात गेली. परंतु थोडा विचार केला, तर त्यात एक विलक्षण विसंगती दिसते. जवळजवळ अर्धशतक राबून जे नाव कंपनीने जगाच्या पाठीवर पोहोचवले, तेच नाव तिने आपल्या सर्वोत्तम वस्तूवरून काढून घेतले. घराण्यातील सर्वांत कर्तबगार मुलाला चारचौघांत उभे करावे आणि त्याचे आडनाव मात्र सांगू नये, तसा हा प्रकार.

हा आपल्याच नावाबद्दलचा कमीपणा होता, की आपल्या नावाची मर्यादा ओळखण्याचा शहाणपणा होता? या प्रश्नाचे उत्तर २०१५ सालात सापडत नाही. त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

ह्युंदाई उद्योगसमूहाचे संस्थापक चुंग जू-युंग यांचा जन्म १९१५ सालचा. जन्मगाव आज उत्तर कोरियात आहे. घर शेतकऱ्याचे, दारिद्र्य पाचवीला पुजलेले. वडिलांनी गाय विकून ठेवलेले पैसे घेऊन हा मुलगा घरातून पळाला आणि सोलला पोहोचला. तांदळाच्या दुकानात त्याने काम केले, पुढे मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवले आणि १९४७ मध्ये बांधकाम कंपनी काढली. १९९८ मध्ये, वयाची ८० वर्षे उलटल्यावर, हेच चुंग ट्रकांमध्ये गुरे भरून सीमेपलीकडे आपल्या जन्मभूमीत गेले. जूनमध्ये ५०० आणि ऑक्टोबरमध्ये ५०१ अशी एकूण १,००१ गुरे त्यांनी तिकडे पोहोचवली. मुद्दल एका गायीचे आणि वर हजारांचे व्याज! साऱ्या जगाने ते दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले. ऋण लक्षात ठेवणे आणि उशिरा का होईना फेडणे, हा या माणसाचा पिंड होता. त्यांच्या मोटार कंपनीलाही पुढे एक मोठे ऋण फेडावे लागले. ते मात्र अमेरिकन ग्राहकाचे होते.

मोटार कंपनीची स्थापना डिसेंबर १९६७ ची. प्रारंभी फोर्डची कॉर्टिना ही गाडी सुट्या भागांतून जोडण्याचे काम चाले. आपल्याकडेही त्या काळी मोटारधंदा म्हणजे बहुतांशी परदेशी आराखड्याची जोडणीच होती, त्यामुळे ही अवस्था समजायला कठीण नाही. फरक पडला तो पुढच्या पावलात. परक्याची गाडी जोडत राहण्यात चुंग यांना समाधान नव्हते आणि कोरियाच्या सरकारलाही देशाची स्वतःची मोटार हवी होती. त्यातून 'पोनी' जन्माला आली. १९७४ मध्ये तिचा नमुना इटलीतील ट्युरिनच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि १९७५ च्या अखेरीस उत्पादन सुरू झाले. या गाडीचा आराखडा इटलीच्या जुजारो यांचा, इंजिन जपानच्या मित्सुबिशीचे आणि कारखान्याच्या उभारणीवर देखरेख जॉर्ज टर्नबुल या इंग्रज तज्ज्ञाची. मग कोरियाचे काय? कोरियाचे श्रम, कोरियाची जिद्द आणि कोरियाचे नाव. बाकी सारे उसने होते, हे कोरियन माणसाला पक्के ठाऊक होते, आणि ते तसेच राहू द्यायचे नाही हेही त्याने ठरवले होते.

१९८६ मध्ये ह्युंदाई अमेरिकेत उतरली. 'एक्सेल' नावाची छोटी गाडी, किंमत ४,९९५ डॉलर. अमेरिकेत नवी मोटार इतक्या कमी किमतीत मिळणे ही तेव्हाही अपूर्वाईच होती. पहिल्याच वर्षी १,६८,८८२ गाड्या विकल्या गेल्या. पहिल्या वर्षात इतकी विक्री तोवर कोणत्याही परदेशी कंपनीने अमेरिकेत केली नव्हती. ज्यांनी आजवर वापरलेल्या जुन्या गाड्यांवर दिवस काढले, अशा विद्यार्थ्यांच्या आणि नोकरीला नुकत्याच लागलेल्या तरुणांच्या दारात कोरी गाडी उभी राहिली. सोलमध्ये त्या वर्षी आनंदीआनंद झाला असेल, यात नवल नाही.

पण गाडी दारात येते तेव्हा व्यवहार संपत नाही, तो तेव्हा सुरू होतो. दोन-तीन वर्षांत एक्सेलचे रंग उडू लागले, पत्रा गंजू लागला, यंत्रातील बिघाड नित्याचे झाले. गाडी विकायला काढावी, तर घेणारा नाही. घेणारा मिळालाच, तर कर्जाची बाकी फिटेल इतकीही किंमत हाती येईना. रात्रीच्या कार्यक्रमांतील विनोदवीरांना ह्युंदाई हा हमखास हशा पिकवणारा विषय मिळाला. १९९८ पर्यंत अमेरिकेतील वार्षिक विक्री सुमारे ९० हजारांवर घसरली होती.

मराठीत 'स्वस्त' आणि 'हलका' हे दोन वेगळे शब्द आहेत. स्वस्त वस्तू घेण्यात गृहिणीला अभिमान वाटतो, तिच्या चतुराईची ती खूण असते. हलका माल गळ्यात पडला, तर मात्र फसवणुकीची चीड येते आणि ती वर्षानुवर्षे टिकते. ह्युंदाई स्वस्त म्हणून अमेरिकेत गेली आणि हलकी ठरली. हा शिक्का किमतीने बसला नव्हता. किंमत कमी ठेवण्यासाठी जे गाळले होते, त्याने तो बसला होता.

येथून पुढचा भाग या साऱ्या कथेत अधिक मोलाचा आहे. उद्योगाच्या अभ्यासकांनी आलिशान गाड्यांकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे या भागाकडे दिले नाही.

१९९८ च्या सुमारास आशियातील आर्थिक अरिष्टाने कोरिया हादरला होता. दिवाळखोर झालेली किया कंपनी ह्युंदाईने त्याच काळात ताब्यात घेतली. त्यानंतर थोड्याच अवधीत मोटार कंपनीची सूत्रे संस्थापकांचे पुत्र चुंग माँग-कू यांच्याकडे आली. हे गृहस्थ आराखडे काढणारे अभियंते नव्हते, वा विक्रीत मुरलेलेही नव्हते. त्यांनी अनेक वर्षे कंपनीच्या विक्रीपश्चात सेवेचा विभाग सांभाळला होता. म्हणजे बंद पडलेली गाडी आणि संतापलेला ग्राहक रोज ज्याच्या समोर येऊन उभे राहतात, अशा जागेवरून तो माणूस सर्वोच्च आसनावर गेला. विक्री खात्याला गाडी कोरी असतानाची दिसते, सेवा खात्याला ती तीन वर्षांनी दिसते. तीन वर्षांनंतरची गाडी पाहिलेला माणूस अध्यक्ष होणे, ही ह्युंदाईच्या इतिहासातील निर्णायक घटना म्हणावी लागेल.

त्याच सुमारास कंपनीने अमेरिकेत एक हमी जाहीर केली. इंजिन, गिअरपेटी आणि चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणारी यंत्रणा यांची १० वर्षे किंवा १ लाख मैल जबाबदारी कंपनीची. प्रतिस्पर्ध्यांची हमी त्या काळी याच्या निम्म्याच्या आसपासही क्वचितच पोहोचत असे. जिच्या गाड्या तीन वर्षांत गंजतात असा बोलबाला, त्याच कंपनीने दहा वर्षांचा शब्द दिला! अनेकांना ती जाहिरातबाजी वाटली. पण त्यातले गणित वेगळे होते. गाडी खराब निघाली, तर दुरुस्तीचा खर्च आजवर ग्राहकाच्या खिशातून जात होता आणि कारखान्याला त्याची झळ लागत नव्हती. आता तो खर्च कंपनीच्या तिजोरीतून जाणार होता. म्हणजे निष्काळजीपणे बसवलेला प्रत्येक भाग पुढची दहा वर्षे कंपनीला छळणार होता. दर्जा सुधारला नसता, तर या हमीनेच कंपनीचे दिवाळे वाजले असते. बाहेरून ही ग्राहकाला दिलेली सवलत दिसत होती, प्रत्यक्षात ती कारखान्यावर बसवलेली देखरेख होती. मालक मात्र हिशेबी होते हेही सांगितले पाहिजे. पूर्ण दहा वर्षांचा लाभ गाडीच्या पहिल्या धन्यालाच होता, जुनी गाडी विकत घेणाऱ्याला तो पुरता मिळत नसे.

चुंग माँग-कू यांनी दर्जाच्या प्रश्नावर वरिष्ठांच्या नियमित बैठका सुरू केल्या. दोष सापडला, तर नव्या गाडीचे अनावरण लांबणीवर टाकण्याचीही तयारी ठेवली. फळ दिसायला पाच-सहा वर्षे लागली. २००४ मध्ये जे. डी. पॉवर या संस्थेने नव्या गाड्यांच्या प्रारंभिक दर्जाची पाहणी केली. त्या पाहणीत ह्युंदाई चक्क टोयोटा आणि होंडा यांच्या पंक्तीला जाऊन बसली. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. पोनीसाठी ज्या मित्सुबिशीचे इंजिन उसने आणले होते, तीच मित्सुबिशी आणि अमेरिकेची क्रायस्लर यांनी ह्युंदाईच्या 'थीटा' इंजिनाचा मूळ आराखडा आपल्या गाड्यांसाठी स्वीकारला. एका पिढीत शिष्याकडून गुरूने विद्या घेतली. कोणत्याही देशाच्या अभियंत्यांना याहून मोठा पुरस्कार कोणता असू शकतो?

इतकी पूर्वतयारी झाल्यावर, आणि त्याआधी नव्हे, ह्युंदाईने आलिशान मोटारींच्या बाजारपेठेकडे पाहिले. २००८ मध्ये 'जेनेसिस' नावाची मोठी गाडी आली. ते तेव्हा केवळ एका गाडीचे नाव होते, नाममुद्रेचे नव्हे. मागील चाकांना शक्ती देणारी रचना, ३७५ अश्वशक्तीपर्यंतचे आठ सिलिंडरांचे स्वतः घडवलेले इंजिन, आणि अमेरिकेतील प्रारंभिक किंमत सुमारे ३३ हजार डॉलर. या तोलाची जर्मन गाडी घ्यायची, तर कितीतरी अधिक रक्कम मोजावी लागे. जानेवारी २००९ मध्ये तिला उत्तर अमेरिकेतील वर्षाची सर्वोत्तम मोटार हा सन्मान मिळाला.

या गाडीच्या अंगावरील चिन्हांची रचना मोठी बोलकी होती. अमेरिकेत तिच्या पुढच्या भागावर ह्युंदाईचे चिन्ह नव्हतेच. मागच्या झाकणावर मात्र तिरपा 'एच' होता. हा एच म्हणजे कंपनी आणि ग्राहक हस्तांदोलन करीत आहेत, असा अर्थ कंपनी सांगते. समोरून येणाऱ्याला नाव कळू नये आणि मागून येणाऱ्याला कळले तर हरकत नाही, अशी ही संकोचलेली अवस्था होती.

असा पेच पडलेली ह्युंदाई पहिली नव्हती. टोयोटाचे प्रमुख एजी टोयोडा यांनी १९८३ मध्ये आपल्या सहकाऱ्यांना जगातील सर्वोत्तम गाड्यांच्या तोडीची गाडी घडवण्याचे आव्हान दिले. सहा वर्षे काम चालले, शेकडो नमुने बनवले गेले आणि १९८९ मध्ये 'लेक्सस' अमेरिकेत आली. टोयोटाने प्रारंभापासूनच वेगळे नाव, वेगळी दालने आणि वेगळी सेवा हा मार्ग घेतला. विक्रीला आरंभ होऊन जेमतेम तीन महिने झाले आणि काही दोष आढळल्याने सुमारे ८ हजार गाड्या परत तपासण्याची वेळ आली. नव्या नाममुद्रेचा गर्भातच अंत व्हावा, असा तो प्रसंग. लेक्ससने गाड्या ग्राहकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊन, इंधन भरून परत पोहोचवल्या. सारे काम सुमारे तीन आठवड्यांत आटोपले. लेक्ससची कीर्ती तिच्या इंजिनाइतकीच या तीन आठवड्यांनी झाली, असे अनेक जाणकार मानतात. गंमत अशी, की हीच गाडी जपानमध्ये मात्र 'टोयोटा सेल्सिओर' म्हणून विकली जात होती. स्वदेशात लेक्ससची दालने उघडायला २००५ साल उजाडले. घरच्या लोकांपासून नाव लपवण्याचे टोयोटाला कारणच नव्हते.

याच्या नेमका उलट मार्ग जर्मनीच्या फोक्सवॅगनने धरला. फोक्सवॅगन या शब्दाचा अर्थच मुळी जनतेची गाडी. तिचे प्रमुख फर्डिनांड पिएख यांच्या मनात आले, की याच नावाने मर्सिडीजच्या तोडीची मोटार काढायची. ड्रेस्डेन शहराच्या ऐन मध्यात काचेच्या भिंतींचा कारखाना उभा राहिला. सुटे भाग तेथे खास मालवाहू ट्रामने येत, म्हणजे शहरात ट्रकांची वर्दळ नको. २००२ मध्ये 'फेटन' बाहेर पडली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती गाडी उत्कृष्टच होती, तिला नावे ठेवणारा तज्ज्ञ सापडणे कठीण. पण अमेरिकेत तिला ग्राहक मिळेना आणि २००६ मध्ये ती तेथून काढून घ्यावी लागली. २०१६ मध्ये तिचे उत्पादनच थांबले. याच गाडीच्या सांगाड्यावर फोक्सवॅगनच्या मालकीच्या बेंटलीने आपली 'कॉन्टिनेंटल जीटी' उभी केली. ती फेटनहून कितीतरी महाग, आणि तरीही तिने बेंटलीला ऊर्जितावस्था आणली. हाडे तीच, पण आडनाव वेगळे. नावाचे मोल किती असते याचे याहून स्वच्छ उदाहरण मोटार उद्योगात दुसरे नसावे.

ह्युंदाईसमोर ही दोन्ही उदाहरणे होती. तरीही तिने सात वर्षे मधला मार्ग चालवून पाहिला. २०१० च्या अखेरीस जेनेसिसहून मोठी 'इक्वस' अमेरिकेत आली, किंमत सुमारे ५८ हजार डॉलर. गाडीची माहितीपुस्तिका कागदावर नव्हती, त्या वेळी नव्याने आलेल्या आयपॅडवर ती ग्राहकाला भेट दिली जाई. सेवेची वेळ आली, की कंपनीचा माणूस घरी येऊन गाडी घेऊन जाई आणि बदली गाडी ठेवून जाई. या सौजन्यामागे एक अडचण दडलेली होती. अठ्ठावन्न हजार डॉलर मोजणाऱ्या ग्राहकाने ह्युंदाईच्या दालनात पाऊल टाकले, तर त्याच्या शेजारच्या खुर्चीवर सर्वांत स्वस्त ॲक्सेंटचे तेल बदलायला आलेला विद्यार्थी बसलेला असणार. कोणत्याही समतावादी माणसाला यात गैर वाटणार नाही. परंतु आलिशान वस्तू घेणारा जे पैसे मोजतो, त्यांतील मोठा भाग चामड्याच्या आसनांसाठी नसतोच. दारात होणारे स्वागत, शेजाऱ्याच्या नजरेतील भाव आणि पाच वर्षांनी गाडी विकताना मिळणारी रक्कम यांसाठी तो असतो. पहिल्या दोन गोष्टी मानवी दुर्बलता म्हणून सोडून देता येतील, तिसरी मात्र रोकडा हिशेब आहे.

या सात वर्षांत कंपनीने एक गोष्ट अतिशय उत्तम केली, आणि ती महागड्या गाड्यांशी संबंधित नव्हती. २००८ च्या अखेरीस अमेरिकेत बँका कोसळल्या, नोकऱ्या जाऊ लागल्या, मोटारींची खरेदी थंडावली. इतर कंपन्या सूट वाढवत होत्या. ह्युंदाईने जानेवारी २००९ मध्ये वेगळीच योजना आणली: गाडी घेतल्यापासून वर्षभरात नोकरी गेली, तर ठरलेल्या अटींवर गाडी परत करा. परत आलेल्या गाड्या मोजक्याच निघाल्या. माणसाला खरी भीती हप्त्याची नव्हती, उद्याची होती. ज्या कंपनीने पूर्वी ग्राहकाला वाऱ्यावर सोडले होते, ती आता त्याच्या उद्याचा विचार करीत आहे, हे अमेरिकन मध्यमवर्गाने पाहिले. त्या वर्षी अमेरिकेतील एकूण विक्री दणकून घसरली असताना ह्युंदाईची विक्री वाढली.

मग २०१५ मधील स्वतंत्र नाममुद्रेचा निर्णय झाला. तोवर ह्युंदाईचे नाव सुधारले होते, विश्वासाचे झाले होते. पण विश्वास ही एक गोष्ट आणि वैभव ही दुसरी. ह्युंदाई म्हणजे 'पैशांचे पुरेपूर मोल' हे समीकरण लोकांच्या मनात इतके घट्ट बसले होते, की त्या नावावर मोल न विचारता पैसे टाकणारा गिऱ्हाईक मिळणे अवघड होते. आणखी एक कारण घरचे होते. २०११ मध्ये युरोपीय संघाशी मुक्त व्यापार करार लागू झाल्यावर कोरियात बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज यांची आवक वाढली होती. सोलमधील यशस्वी डॉक्टर, वकील, उद्योजक जर्मन गाड्यांकडे वळू लागले होते. म्हणजे जेनेसिस ही परदेशावरील स्वारी जितकी होती, तितकाच घरच्या वेशीवरील बंदोबस्तही होता.

या नव्या घरात बाहेरून माणसे आणली गेली. बेंटली आणि लांबोर्गिनीसाठी गाड्या रेखाटलेले ल्यूक डॉनकरवॉल्के, बीएमडब्ल्यूमध्ये शर्यतीच्या धाटणीच्या गाड्या घडवलेले आल्बर्ट बीअरमान अशी नावे त्यात होती. पोनीच्या वेळी जुजारो आणि टर्नबुल यांना आणले तेव्हा अक्षरओळख नव्हती म्हणून आणले होते. आता आणले ते बरोबरीच्या नात्याने. तरीही वाट सोपी नव्हती. अमेरिकेत स्वतंत्र दालने कोणाला द्यायची, यावरून जुन्या विक्रेत्यांशी तंटे झाले, राज्याराज्यांतील परवान्यांचे घोळ झाले आणि २०१८ मध्ये तेथील विक्री आदल्या वर्षाच्या निम्म्यावर आली. विशेष म्हणजे त्याच २०१८ मध्ये जे. डी. पॉवरच्या प्रारंभिक दर्जाच्या पाहणीत जेनेसिस सर्व नाममुद्रांत पहिली होती. गाडी पहिल्या क्रमांकाची आणि विकायला दुकान नाही!

फेब्रुवारी २०२१ मध्ये विख्यात गोल्फपटू टायगर वुड्स यांची 'जीव्ही८०' ही जेनेसिस गाडी लॉस एंजलीसजवळ रस्त्याखाली कोसळली. पुढचा भाग चक्काचूर झाला, पण आतील पोकळी बऱ्याच अंशी शाबूत राहिली आणि वुड्स वाचले. अपघात कोणाच्याही भाग्याची गोष्ट नव्हे. पण त्या दिवशी अनेक अमेरिकनांनी जेनेसिस हे नाव प्रथमच ऐकले, हे खरे आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतील विक्री ७५ हजारांच्या घरात गेली होती. जगभरातील एकूण विक्रीने १० लाखांचा टप्पा ऑगस्ट २०२३ मध्ये ओलांडला. त्यातील साधारण दोनतृतीयांश गाड्या दक्षिण कोरियातच विकल्या गेल्या आहेत. लेक्ससला आधी परक्यांनी उचलून धरले आणि मग ती घरी आली. जेनेसिसला घरच्यांनी पदरचे पैसे मोजून उभे केले, युरोपात ती अजून पाय रोवण्याचीच धडपड करीत आहे.

हे चित्र सोज्ज्वळ आहे असे समजण्याचे मात्र कारण नाही. चुंग माँग-कू यांना कंपनीच्या निधीच्या अपहाराबद्दल २००७ मध्ये दोषी ठरवण्यात आले. शिक्षा स्थगित झाली आणि २००८ मध्ये सरकारने माफी दिली. दर्जाचा आग्रह धरणारा माणूस हिशेबाच्या वहीत मात्र निर्मळ राहिला नाही. ज्या थीटा इंजिनाचा इतका गौरव झाला, त्याच्याच पुढच्या आवृत्तीतील दोषांमुळे अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्या कामात दिरंगाई केल्याच्या आरोपावरून २०२० मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड मान्य केली. या प्रकरणाची धग जेनेसिसच्या नावापर्यंत फारशी पोहोचली नाही. वेगळ्या नावाचा हाही एक उपयोग, जरी जाहिरातीत सांगण्यासारखा नसला तरी.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन रूपे पाहायला मिळाली. मारुतीने २०११ मध्ये 'किझाशी' ही सुमारे १६ लाखांची गाडी आणली. गाडी वाईट नव्हती. पण मारुती ८०० च्या रांगेत उभे राहून १६ लाख मोजायला मध्यमवर्ग तयार झाला नाही आणि ती काही वर्षांत निघून गेली. २०१५ मध्ये कंपनीने 'नेक्सा' ही वेगळी दालने उघडली. पहिल्याच 'एस-क्रॉस'ची किंमत काही महिन्यांत दोन लाखांपर्यंत उतरवावी लागली. त्याच दालनात आलेली, खिशाला परवडणारी 'बलेनो' मात्र धडाक्यात चालली. काचेचे दालन, काळ्या पोशाखातील तरुण, वाफाळती कॉफी, सारे काही होते. ग्राहकाने त्या दालनातही आपली जुनी मारुतीच शोधली, आणि त्यात त्याचे काही चुकले असे वाटत नाही.

टाटांचे उदाहरण निराळे. २००८ च्या जानेवारीत त्यांनी लाख रुपयांची 'नॅनो' जगापुढे ठेवली आणि जूनमध्ये २३० कोटी डॉलर मोजून जग्वार-लँड रोव्हर ताब्यात घेतली. एका वर्षात सर्वांत स्वस्त गाडी आणि ब्रिटिश उमरावांची गाडी एकाच घरात! जग्वारवर टाटांनी आपले नाव घातले नाही. मालकी मुंबईची, नाव इंग्लंडचे. आणि नॅनोवर? 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का बसला आणि स्कूटरवर चौघांना घेऊन जाणारा तो कुटुंबप्रमुख, ज्याच्यासाठी ती गाडी घडवली होती, तोच तिच्यापासून दूर राहिला. नॅनोची ओळख सर्वांत स्वस्त गाडी म्हणून करून दिली गेली ही चूक होती, असे रतन टाटांनी पुढे स्वतः सांगितले. गरिबालाही गरिबाची गाडी नको असते.

ह्युंदाई भारतात १९९८ मध्ये 'सँट्रो' घेऊन आली. २००१ मध्ये तिने येथे 'सोनाटा' आणून पाहिली, पण घराघरांत शिरली ती छोटी सँट्रोच. जनरल मोटर्सने पुण्याजवळच्या तळेगावचा आपला कारखाना २०२० च्या अखेरीस बंद केला. हा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने ऑगस्ट २०२३ मध्ये केला. एका अमेरिकन महाकाय कंपनीने सोडलेल्या जागेत, अमेरिकेने एकेकाळी हसण्यावारी नेलेली कंपनी आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने जेनेसिस २०२७ पर्यंत भारतात आणण्याचा मनोदय जाहीर केला आहे. येथे तिला बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजशी गाठ घालायची आहे, पण त्याआधी सँट्रोशी. आपल्याकडे ह्युंदाई हे नाव कोणी हसण्यावारी नेत नाही, ते पहिल्या गाडीच्या आठवणीशी जोडलेले आहे. अशा ठिकाणी पंखांचे बोधचिन्ह लावलेली गाडी आय-टेनच्या शेजारी उभी करायची की तिच्यासाठी निराळे घर बांधायचे, हा निर्णय सोलमध्ये होईल. अमेरिकेतील सात वर्षे ज्यांनी पाहिली आहेत, ते घर बांधण्याचा खर्च वाचवतील असे वाटत नाही.